नागलीचं पत्र बाजरीला : सुरगाणा–बीड शाळाजोडणीच्या नोंदी

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यात आमची जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा आहे. तिसरी ते पाचवीचे वर्ग माझ्याकडे, पट २८. बीड जिल्ह्यातल्या एका शाळेतले ३४ विद्यार्थी आणि आमची मुलं वर्षभर एकमेकांशी जोडलेली ठेवायची, हे मी आणि तिथल्या सरांनी ठरवलं. असं काही करू पाहणाऱ्या शिक्षकांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवल्या. मुलांची नावं आणि शाळेचं गाव मुद्दाम दिलेलं नाही.

२४ जून २०२४

बीडच्या सरांशी ओळख दोन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन प्रशिक्षणात झाली. सुट्टीत फोनवर बोलता बोलता लक्षात आलं की दोघांचं दुखणं एकच आहे. दिवाळीनंतर वर्ग निम्मा रिकामा होतो. त्यांच्याकडची माणसं ऊसतोडीला जातात, आमच्याकडची द्राक्षबागेत छाटणीला. मी मूळची निफाडची. आमच्याच भागातल्या बागांमध्ये या मुलांचे आईवडील कामाला येतात. लहानपणी मी त्यांना ‘सुरगाण्याची माणसं’ एवढंच ओळखायचे, एकाचंही नाव मला माहीत नव्हतं. आज त्यांचीच मुलं माझ्यासमोर बसतात. हे काम हाती घेण्यामागे ते आहे.

आज हजेरी क्रमांकाप्रमाणे जोड्या लावल्या. आमचा क्रमांक १, त्यांचा क्रमांक १. त्यांच्याकडची सहा मुलं उरली. सर म्हणाले, ‘राहू द्या मॅडम, बघू नंतर.’ ते तसंच सोडलं, ही पहिली चूक.

खर्च : २०० पोस्टकार्डं, ५० पैशांप्रमाणे १०० रुपये.

८ जुलै

पहिली पत्रं गेली. पोस्टकार्डावर खाडाखोड नको म्हणून आधी वहीत लिहून घेतली, लाल पेनाने तपासली आणि मग कार्डावर उतरवायला लावली. चार तासिका त्यातच गेल्या.

चौथीतल्या एका मुलाने लिहिलं होतं, ‘माना घर कुडाचा आहे.’ मी ‘माना’ खोडून ‘माझे’ केलं आणि ‘कुडाचा’चं ‘कुडाचे’ केलं. तिसऱ्या ओळीपासून त्याने स्वतःचं लिहिणंच थांबवलं आणि शेजारच्या मुलीचं पत्र पाहून उतरवून काढलं. ते मला तेव्हा दिसलं नाही.

२२ जुलै

बीडची उत्तरं आली. आमच्या वह्यांतली २८ आणि त्यांची ३४ पत्रं टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि माझं मलाच वाईट वाटलं. जवळपास सगळी सारखीच : ‘आमचे गाव निसर्गरम्य आहे. आमच्या गावात सर्व सण आनंदाने साजरे केले जातात.’ कार्डावर मुलांची अक्षरं होती, पण बोलत होतो आम्ही दोघं शिक्षक. तिकडे सरांनीही लाल पेनच चालवलं होतं.

एकाच कार्डात जीव होता. सरांच्या नजरेतून ते सुटलं असावं. त्यात लिहिलं होतं, ‘तुमच्याकडं लई पाऊस असतो म्हणं. मंग तुमचं सगळं पाणी आमच्या गोदावरीत येतंय का?’

मी वर्गात लगेच सांगून टाकलं, हो, गोदावरी आपल्याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि पुढे बीड जिल्ह्याच्या उत्तरेच्या हद्दीने जाते, म्हणजे आपलं पाणी त्यांच्याकडे पोहोचतं. मुलांनी तसं उत्तर लिहून पाठवलं.

२५ जुलै

शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी माझं सांगणं ऐकलं होतं. आज त्या म्हणाल्या, ‘बाई, आपला व्हळ तर नारला मिळतो. नार खाली गुजरातला जाते.’

नार ही आमच्याकडची नदी. नकाशा काढून पाहिला, मावशींचंच बरोबर. सुरगाण्याचं पाणी पश्चिमेला उतरतं आणि गुजरातमार्गे अरबी समुद्राला मिळतं. गोदावरी जिल्ह्यात आहे, पण आमच्या डोंगराचं पाणी तिला जात नाही. मी तीन वर्षं इथे शिकवते आहे आणि शाळेमागचा ओढा कुठे जातो हे मला ठाऊक नव्हतं.

दुरुस्तीचं कार्ड मुलांनीच लिहिलं. या वेळी मी पेन हातात घेतलं नाही. एकीने लिहिलं, ‘आमच्या बाईंनी चुकून सांगितलं. आमचं पाणी तुमच्याकडे येत नाही, गुजरातला जातं. नाशिकच्या दुसऱ्या तालुक्यांचं येतं.’ खाली ओढ्याचं चित्र. वर्षभरातलं हे पहिलं खरं पत्र.

त्या दिवसापासून नियम केला की पत्रात शिक्षकाने काहीही खोडायचं नाही. सरांनाही कळवलं. त्यांना तो लगेच पटला नाही, आठवडाभर बोलणं चाललं. केंद्रप्रमुखांनी पत्रं पाहिली तर अशुद्धलेखन दिसेल, ही त्यांची काळजी मलाही होती. शेवटी ठरलं की शुद्धलेखन निबंधाच्या वहीत तपासायचं, पत्रात नाही.

९ ऑगस्ट

आज जागतिक आदिवासी दिन. व्हिडिओ कॉल ठेवला होता आणि आमच्या मुलांनी ‘आपली संस्कृती’ दाखवावी असं ठरलं होतं. या दिवसाबद्दल सविस्तर लिहिते, कारण माझं सर्वांत जास्त चुकलं ते इथे.

नाशिकहून १२ पोशाख भाड्याने आणले. पानांची छपाई असलेले घागरे, पिसांचे मुकुट, तोंडाला पांढरे ठिपके. एका पोशाखाचे १५० रुपये, एकूण १,८००. शाळेच्या अनुदानातून हा खर्च धरता येत नव्हता, तो मी केला. रेंजसाठी मुलांना पोशाखासकट पाण्याच्या टाकीजवळच्या टेकाडावर नेलं. पाऊस भुरभुरत होता. चाळीस मिनिटांत कॉल सहा वेळा तुटला.

सातव्यांदा लागला तेव्हा तिकडच्या एका मुलीने अगदी सरळ विचारलं, ‘तुम्ही घरी असेच कपडे घालता का?’

आमच्याकडून कोणीच बोललं नाही. पाचवीतल्या मुलीने मुकुट काढून हातात धरला. मग दुसऱ्याने काढला. कॉल पुन्हा तुटला आणि मी तो परत लावला नाही.

उतरताना त्या मुलीला विचारलं, काय झालं? ती म्हणाली, ‘बाई, हे कोणाचे कपडे आहेत?’ तिची आजी लुगडं नेसते, आई साडी, ती स्वतः शाळेचा गणवेश. हा पोशाख तिच्या घरात, वाडीत, बोहाड्यात, कुठेच नाही. बोहाडा हा गावचा उत्सव, त्यात सोंगं असतात, मुखवटे असतात, पण ते देवाचं काम आहे, त्याची वेळ ठरलेली आहे. मी दुकानातून एक कल्पना आणली आणि ती या मुलांच्या अंगावर चढवली.

त्या १,८०० रुपयांपेक्षा मोठं नुकसान म्हणजे पुढचे दोन आठवडे मुलं बीडचं नाव काढायला तयार नव्हती.

२ सप्टेंबर

पुन्हा सुरुवात केली, पण सणांपासून नाही. ‘काल घरी काय केलं, काय खाल्लं’ एवढंच विचारायचं ठरवलं. व्हिडिओ बंद. मुलं फोनवर आवाज रेकॉर्ड करतात, मी संध्याकाळी सुरगाण्यात खोलीवर आले की रेंजमध्ये ते सरांना जातात. सरांकडून आलेले सकाळी शाळेत ऐकवते. कॉल तुटण्याचा प्रश्नच मिटला. शिवाय मूल दोन-तीनदा रेकॉर्ड करून मनासारखं झाल्यावर पाठवू शकतं, हा फायदा आधी सुचला नव्हता.

आज पोळा. बीडच्या मुलांनी कालच आवाज पाठवले होते. बैल धुताना एकाला लाथ बसली, तो प्रसंग त्याने इतका रंगवून सांगितला की आमच्या वर्गाने तीन वेळा ऐकला.

जोड्याही मोडल्या. आता पाच-सहा जणांचे गट आहेत आणि दिवाळीनंतर गावातच राहणारी किमान दोन मुलं प्रत्येक गटात आहेत. उरलेली सहा मुलंही गटांत सामावली. एकास एक जोडी लावली तर एक मूल स्थलांतरित झालं की दुसऱ्याचं पत्र अधांतरी राहतं. हे जूनमध्येच कळायला हवं होतं.

१७ सप्टेंबर

पहिलं पार्सल. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ एक किलो, पोस्टाने. पिशवी फाटली. सरांकडे पोहोचलं तेव्हा निम्मं पीठ खोक्यात सांडलेलं आणि उरलेल्याला कुबट वास. त्या आठवड्यातली पावसाळी हवा लक्षात घ्यायला हवी होती. दुसऱ्या वेळी पीठ नाही, दाणे पाठवले, जाड प्लास्टिकच्या बरणीत झाकणाला चिकटपट्टी लावून. व्यवस्थित गेले. दोन्ही खेपा मिळून साधारण ३०० रुपये.

तिकडून फोन आला की नागलीची भाकरी थापताना फुटते. बाजरीच्या भाकरीचा हात असलेल्या आयांनाही जमेना. मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘त्यांना सांगा, उकड काढा.’ मग म्हणाल्या, ‘थांबा, मीच सांगते.’ रेकॉर्डिंगसाठी फोन हातात घेऊन त्यांनी त्यांच्या कोकणी बोलीत चार मिनिटं सांगितलं : पाणी उकळायचं, त्यात पीठ वैरायचं, झाकायचं, गरम असतानाच मळायचं. (ही कोकणा समाजाची बोली, समुद्राकडची कोकणी नव्हे.) बीडच्या मुलांना सगळे शब्द कळले नाहीत, तरी भाकरी झाली.

मावशी बोलत असताना माझी मुलं दारात उभी राहून ऐकत होती. शाळेच्या फोनवर, दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेला, त्यांच्या घरची बोली शिकवत होती. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते ९ ऑगस्टला मी १,८०० रुपये खर्चून मिळवू पाहत होते.

३० सप्टेंबर

मागच्या भिंतीवर तीन रकान्यांचा शब्दतक्ता सुरू केला : घरचा, बीडचा, पुस्तकातला. पोसा, लेकरू, मूल. माना, माजं, माझे. नागलीच्या ओळीत पुस्तकाच्या रकान्यात नाचणी, आणि बीडच्या रकान्यात तिकडच्याच एका मुलाने सुचवलेलं ‘आमच्यात नसती’. कूड आणि माळवद एका ओळीत लिहायचे की नाही यावर वर्गात वाद झाला. कूड म्हणजे कारवीची, मातीने लिंपलेली भिंत आणि माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. एक भिंत, एक छप्पर, मग एका ओळीत कसे? मुलांचं म्हणणं बरोबर होतं, वेगळ्या ओळी केल्या. असं सपाट छत इथल्या पावसात टिकेल का, हा पुढचा प्रश्नही त्यांचाच. परिसर अभ्यासाचे दोन तास त्यावरच झाले.

कागद फाटतो, म्हणून रंगाचा छोटा डबा आणून भिंतच रंगवली, ३४० रुपये. शब्द खडूने लिहायचे, म्हणजे बदलता येतात.

५ ऑक्टोबर

शाळा व्यवस्थापन समितीची सभा. एका वडिलांनी स्पष्ट विचारलं, ‘बाई, आमची भाषा पोरांना येतेच. ती भिंतीवर कशाला? उद्या पोरगं वणीला मोठ्या शाळेत जाईल तेव्हा असंच बोललं म्हणून त्याला हसतील. मला हसले होते.’

मी शिक्षण हक्क कायद्यातलं कलम २९ सांगितलं, की शक्य असेल तिथे शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून व्हावं असं २००९ च्या कायद्यातच आहे. त्यांना ते पटलं नाही आणि त्यात त्यांची चूक नाही. ज्याला हसलेलं आहे त्याच्यापुढे कलम वाचून काय होणार.

तोडगा दुसऱ्या एका आईने काढला. पत्र मुलाने हव्या त्या भाषेत लिहावं, पण शेवटचा परिच्छेद पुस्तकी मराठीत असावा. मला हे आधी आवडलं नाही, वाटलं पुन्हा लाल पेन आलं. करून पाहिल्यावर मात्र दिसलं की मुलं आता दोन्ही भाषा जाणूनबुजून वापरतात, कुठे कोणती ते त्यांना कळतं. त्या वडिलांचा प्रश्न तरीही उभा आहे. वणीच्या शाळेत काय होईल ते माझ्या हातात नाही.

२३ ऑक्टोबर

दिवाळीची सुट्टी तोंडावर आहे. छाटणी आधीच सुरू झाली आहे. आमच्यातली ११ मुलं जाणार, काही तर गेलीही. सरांकडची १३ जाणार, बाकीची आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतील. जाणाऱ्या प्रत्येक मुलाला शाळेचा पत्ता लिहिलेली तीन पोस्टकार्डं दिली. आधी गेलेल्या दोघांची कार्डं त्यांच्या काकांबरोबर पाठवली. शिक्षण हमी कार्डही भरून दिलं. दुसऱ्या गावच्या शाळेत ते दाखवून मुलाला बसता येतं, हे आईवडिलांना एकेकाला समजावलं.

२८ ऑक्टोबरला अश्विन वद्य द्वादशी. सुट्टीआधी दोन्हीकडच्या मुलांनी त्या दिवसाबद्दल बोलून ठेवलं. बीडकडे वसुबारस, गाय-वासराची पूजा. आमच्याकडे वाघबारस, गुराखी पोरं घरोघर तांदूळ मागतात आणि वेशीवरच्या वाघदेवाला पूजतात. तिथी एकच. बीडच्या मुलाने विचारलं, ‘वाघ गाय खातो, मग त्याची पूजा कशी?’ आमचा गुराखी मुलगा म्हणाला, ‘म्हणूनच करतात.’ मी मध्ये पडले नाही.

२ डिसेंबर

महिना जवळजवळ वाया गेला. सुट्टी, मग विधानसभा निवडणुकीचं प्रशिक्षण, २० नोव्हेंबरचं मतदान, दोघांनाही निवडणुकीचं काम. जे शिक्षक अशी जोडणी करतील त्यांनी नोव्हेंबरमध्ये काहीही ठरवू नये. निवडणूक नसली तरी गेलेल्या मुलांच्या नोंदींतच महिना जातो.

१८ डिसेंबर

वसतिगृहातल्या एका मुलाचं पत्र आमच्या पाचवीतल्या मुलीच्या गटाला आलं. ‘आईबाप कारखान्याला गेलेत. उचल घेतली व्हती. ते कोपीत राहत्यात. माझी बारकी बहीण संगं नेली, ती लहान आहे म्हणून. मला रातच्याला तिची आठवण येती.’ कोपी म्हणजे ऊसतोड मजुरांची तात्पुरती झोपडी.

वर्ग गप्प झाला. त्या मुलीने विचारलं, ‘बाई, उचल म्हणजे बयाणा ना?’ तिच्या वडिलांनीही बागायतदाराकडून आगाऊ पैसे घेतले आहेत. तिच्या घरी उलटं आहे : आईबरोबर धाकटा भाऊ गेला, ही मामीकडे. तिने त्याच तासाला दोन पानं लिहिली आणि बोट धरून मला बजावलं की वाचायचं नाही.

इथे मी अडले. मी आलेलं पत्र वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं होतं. तो मुलगा हे साऱ्या वर्गासाठी लिहीत होता का? रात्री सरांना फोन केला. ते म्हणाले, ‘त्यालाच विचारतो.’ दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं : गटाने वाचलं तर चालेल, पण सगळ्या वर्गाने नको. मी माझ्या आवाजात त्याची क्षमा मागून संदेश पाठवला. तेव्हापासून पाकीट बंदच येतं-जातं, गट उघडतो, वर्गात वाचायचं की नाही हे लिहिणारा पाकिटावर खूण करून सांगतो. गोल म्हणजे वाचा, फुली म्हणजे नको. आंतरदेशीय पत्रं घ्यायला लागलो, एकाला अडीच रुपये. उघड्या पोस्टकार्डाला ही सोय नाही.

वर्षात मुलांनी सर्वांत जास्त शब्द घेतले ते याच विषयावरचे. मोळी, वाढे (उसाचे शेंडे), कोपी, मुकादम तिकडून आले. छाटणी, विरळणी, डिपिंग (द्राक्षाचे घड द्रावणात बुडवणं), क्रेट इकडून गेले. भिंतीच्या तिसऱ्या रकान्यात, पुस्तकातल्या शब्दासाठी, यातल्या बहुतेक ओळी रिकाम्या आहेत. त्या मी भरलेल्या नाहीत.

१५ जानेवारी २०२५

दोन्ही जिल्ह्यांची तिसरीची परिसर अभ्यासाची पुस्तकं अदलाबदल केली. प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं असतं, त्याचा असा उपयोग होऊ शकतो हे सरांना सुचलं. आमचे तालुके १५, त्यांचे ११. मुलांनी दोन नकाशे जमिनीवर मांडले आणि मधला अहिल्यानगर जिल्हा खडूने काढला.

पावसाचं कोडंही सुटलं. जुलैत दोन्हीकडे बाटलीची पर्जन्यमापकं केली होती. त्यांची बाटली पंधरा दिवसांत जेवढी भरली तेवढी आमची एका रात्रीत भरली होती. म्हणून बीडच्या मुलांना वाटायचं, आम्हाला पाण्याचा काय तोटा. आमच्या मुलीने आवाज पाठवला की एप्रिलमध्ये ती आणि आई पहाटे झिऱ्यावर नंबर लावतात, वाटीवाटीने हंडा भरतात. तिकडून उत्तर आलं : ‘आमच्याकडं टँकर येतो. तुमच्याकडं का नाय येत? एवढ्या पावसाचं पाणी जातं कुठं?’

एका मुलाने जुलैतलं दुरुस्तीचं कार्ड आठवून सांगितलं, ‘नारला.’

२७ फेब्रुवारी

मराठी भाषा गौरव दिन. या वेळी पोशाख नाही, भाषण नाही. शब्दतक्ता मुलांनीच वाचून दाखवला, प्रत्येक शब्द तिन्ही रकान्यांतून. ऑक्टोबरमध्ये प्रश्न विचारणारे वडील आले होते. त्यांनी एक शब्द दुरुस्त करायला लावला आणि त्यांच्या मुलाने तो खडूने बदलला.

१७ मार्च

शिमग्याला माणसं घरी परतली, ११ पैकी ८ मुलं आज वर्गात होती. तिघं अजून बागेवरच आहेत.

दिलेल्या ३३ कार्डांपैकी इतक्या महिन्यांत फक्त ९ पोहोचली होती. माझा समज होता की मुलं विसरली. आज चौथीतल्या त्याच मुलाने, ज्याचं ‘माना’ मी जुलैत खोडलं होतं, दप्तरातून तिन्ही कार्डं काढून दिली. कोपरे मळलेले, एकावर पाणी सांडून शाई पसरलेली, पण तिन्ही पूर्ण लिहिलेली. दिंडोरीकडच्या बागेत होता. म्हणाला, ‘बाई, टाकायला पेटीच नव्हती जवळ.’

पुढच्या वेळी कार्डांबरोबर बागायतदार किंवा मुकादमाच्या फोनवरून आवाज पाठवायची सोय लावावी लागेल. ऑक्टोबरमध्ये पालकांना नंबर विचारताना तेही विचारायचं, हे वहीत लिहून ठेवलं.

तिसरं कार्ड बीडच्या गटासाठी आहे. पत्ता शाळेचा होता, तो खोडून त्याने स्वतः बीडचा लिहिला. वर द्राक्षाच्या वेलीचं चित्र, खाली चार ओळी, पहिली ‘माना घर आता बागेत आहे’ अशी. उद्या सुरगाण्याच्या पोस्टात टाकते.